गुहेतल्या दगडातील उत्तर दिशा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यातील डोंगरातल्या महादेवाच्या गुहेविषयी बातमी आली होती. तिच्यात दोन गोष्टी होत्या. गुहेच्या छताला लोंबणाऱ्या आणि जमिनीतून वर आलेल्या दगडांत ‘चुंबकीय शक्ती’ असून त्यांचा तुकडा उशाशी ठेवल्यास गुडघ्याचे दुखणे उतरते, असे काही भाविकांचे म्हणणे वर दिले होते. आणि गुहेचे सुशोभीकरण लवकरच सुरू होणार असून त्यात फरशी, लोखंडी कठडे, रंगीत दिवे व तोंडाजवळची वाट रुंद करण्याचे काम आहे, असे खाली दिले होते. पहिल्या गोष्टीत ‘चुंबकीय’ एवढा एक शब्द खरा आहे. दुसऱ्या गोष्टीत हेतू चांगला आहे, पण कामाचा क्रम चुकलेला आहे. बातमीनंतरच्या रविवारी मी स्वतः गुहेत जाऊन आलो, तेव्हा दगड नुकताच फोडल्याचे पांढरेशुभ्र घाव मोजले; ते सतरा भरले. म्हणून हे पत्र लिहीत आहे. गुहेचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांपैकी काही जण हातोडी घेऊनच निघतील, अशी भीती वाटते.

मी भूवैज्ञानिक नाही. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून चौतीस वर्षे नोकरी केली, आणि त्यातली बरीचशी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणांत उन्हात उभे राहण्यात गेली. साखळी, फलकयंत्र (जागेवरच नकाशा काढण्याचा तिपाईवरचा पाट) आणि त्याच्या कडेला ठेवायचे लांबट होकायंत्र ही माझी अवजारे. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे नव्हे तर चुंबकीय उत्तरेकडे पाहते, या दोहोंतील फरकाला दिक्पात म्हणतात आणि तो जागेप्रमाणे व काळाप्रमाणे बदलतो, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवले होते. आपल्या भागात हा फरक एका अंशाहूनही कमी असल्यामुळे कास्तकाराच्या वावराच्या मोजणीत त्याने फारसे बिघडत नाही. सुई मात्र दुसऱ्या एका कारणाने फसवते, आणि ते मी मेहकर भागात असताना डोळ्यांनी पाहिले. एका धुऱ्याच्या टोकाला काळ्या दगडाचा उंचवटा होता. त्यावर फलक मांडला की सुई चांगली चार-पाच अंश सरकून बसे. फलक उचलून पंधरा पावले काळ्या मातीत आणला की पुन्हा मुकाट्याने जागेवर येई. सोबतचे जुने कर्मचारी म्हणाले, “साहेब, गोट्यात लोह आहे, तो सुई ओढते.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मॅग्नेटाइट जातीच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात आणि ते स्वतःच चुंबक असतात.

आता माझा स्वतःचा अपराध सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय इतरांना बोलण्याचा मला अधिकार नाही. शाळेत असताना आमची सहल याच गुहेत गेली होती. जमिनीतून उगवलेल्या खुंटासारखा एक वीतभर दगड मी लाथ मारून तोडला आणि दप्तरात घालून घरी आणला. तो पुढे माझ्या प्रत्येक बदलीच्या गावी आला, आणि गेली चाळीस वर्षे लोखंडी कपाटावर कागद दाबून ठेवण्याचे काम करतो आहे. दोन वर्षांपूर्वी नागपूरला भूगर्भशास्त्र शिकणारी माझी भाची दिवाळीला घरी आली. तिने तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि विचारले, “मामा, हा गुहेत उभा होता तेव्हा याची कोणती बाजू उत्तरेला होती?”

ज्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण नाही, तो नकाशा मी आयुष्यभरात एकदाही स्वीकारला नव्हता. धुऱ्याच्या एका वादात तर केवळ बाण राहून गेला म्हणून मी हाताखालच्या मुलाला अकरा किलोमीटर परत पाठवले होते. आणि माझ्या घरात, माझ्याच हाताने, बाण पुसलेला एक दस्तऐवज चाळीस वर्षे पडून होता.

तो दस्तऐवज कसा, ते भाचीने मला समजावून दिले आणि पुढे मी जमेल तसे वाचले. आमच्या वणी-झरी पट्ट्यात काळ्या दगडाखेरीज चुनखडीही आहे, आणि ती काळ्या दगडाहून फार जुनी, एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते. मुळे आणि सूक्ष्म जीव यांच्या श्वसनामुळे मातीत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. असे किंचित आंबट झालेले पाणी चुनखडीच्या भेगांतून उतरताना तिचा अंश विरघळवते. गुहेच्या छताशी आल्यावर ते मोकळ्या हवेला भेटते, त्यातला वायू निघून जातो आणि विरघळलेला चुना कॅल्साइटच्या रूपाने जिथल्या तिथे बसतो. छताला बसला तर वरून लोंबणारा स्तंभ होतो, थेंब पडतो तिथे बसला तर खालून वर येणारा, आणि भिंतीवरून वा जमिनीवरून पाणी पसरत गेले तर दगडाची चादर तयार होते. शाळेच्या भूगोलात यांना लवणस्तंभ म्हणतात, आणि त्या शब्दाने बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. हे लवण म्हणजे ताटात वाढायचे मीठ नव्हे. (माझ्या वर्गातल्या एका मुलाने तेव्हा दगड चाटून पाहिला होता.) या स्तंभांची वाढ साधारणपणे वर्षाला मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाइतकी असते. म्हणजे ज्याने उशाशी ठेवायला इंचभर तुकडा नेला, त्याने अडीचशे ते अडीच हजार वर्षे पिशवीत घालून नेली.

या चुन्याला स्वतःचे चुंबकत्व जवळजवळ नसते. चुंबकत्व येते ते पाण्यासोबत आलेल्या मातीच्या कणांतून. ते कण पाहायचे असतील तर प्रयोगशाळेची गरज नाही. पहिला मोठा पाऊस ओसरल्यावर नाल्याच्या वाळूत वळणाच्या आतल्या बाजूला काळ्या रेघा पडलेल्या दिसतात. जुन्या स्पीकरमधला चुंबक कागदात गुंडाळून त्या रेघेवरून फिरवावा. काळे बारीक कण कागदाला येऊन चिकटतात आणि अंगावर काटा यावा तसे उभे राहतात. कागद उलगडला की गळून पडतात. हेच मॅग्नेटाइट. काळ्या दगडाची माती झाली तरी ते झिजत-झिजत त्यात शिल्लक राहते, आणि त्यातला डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक अंश झिरपणाऱ्या किंवा पुराच्या पाण्याबरोबर गुहेत उतरतो.

स्तंभाच्या माथ्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. त्यात आलेला असा प्रत्येक कण म्हणजे एक अतिसूक्ष्म होकायंत्र. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राकडे तोंड करू पाहतो, आणि वरून कॅल्साइटचा थर बसला की त्याच स्थितीत कायमचा चिणला जातो. सगळे कण अचूक वळतात असे नाही. पण लाखो कणांची बेरीज केली तर त्या काळी चुंबकीय उत्तर कोठे होती आणि सुई खाली किती झुकत होती, हे दोन्ही कळते. सुईच्या या झुकण्याला नती म्हणतात. ती चुंबकीय विषुववृत्तावर शून्य असते आणि चुंबकीय ध्रुवाकडे जावे तसतशी खडी होत जाते. आता माझ्या तुकड्याविषयी. थरांची कमान पाहून त्याचा माथा कोणता ते ठरवता येईल, त्यामुळे नती काही प्रमाणात हाती लागेल. दिक्पात मात्र गेला तो गेलाच. चाळीस वर्षे लोखंडी कपाटावर राहिल्याने काही कणांना नवे, उसने चुंबकत्वही लागले असणार, पण ते कच्चे असते आणि प्रयोगशाळेत उतरवता येते. दिशा लिहून न ठेवण्याची चूक कोणतीच प्रयोगशाळा दुरुस्त करू शकत नाही. म्हणूनच अभ्यासक नमुना कापण्याआधी तो जागेवर असतानाच त्यावर माथ्याची आणि उत्तरेची खूण करतात.

विदर्भातील वाचकाला येथे रास्त शंका येईल की, काळ्या दगडातच जर चुंबकत्वाची नोंद आहे, तर गुहेचे एवढे कौतुक कशाला? शंका योग्य आहे, आणि काळ्या दगडाची कामगिरीही थोर आहे. लाव्हा थंड होताना सुमारे ५८० अंश सेल्सियसच्या खाली मॅग्नेटाइटमध्ये त्या क्षणीच्या क्षेत्राची दिशा पक्की होते. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी दख्खनच्या दगडाचे चुंबकत्व मोजून प्रसिद्ध केले, आणि त्यातून असे दिसले की हा लाव्हा वाहिला तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. खंड सरकतात हे मान्य करायला जग अजून तयार नव्हते, त्या काळची ही गोष्ट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा बराचसा लाव्हा बाहेर आला तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते, हेही त्याच दगडात नोंदलेले आहे. पण लाव्ह्याची नोंद म्हणजे तलाठ्याकडचा फेरफार आहे. व्यवहार झाला त्या दिवसाची पक्की नोंद होते आणि पुढचा व्यवहार होईपर्यंत वही कोरी राहते. दोन लाव्हांच्या मधली हजारो वर्षे तिच्यात नसतात. गुहेतला स्तंभ हा रोजनामा आहे. पाणी ठिबकते आहे तोवर त्यात खाडा नाही. समुद्राच्या तळाचा गाळही असाच सलग साचतो. परंतु त्यात किडे-जीव उकरत राहतात, वरच्या भाराने तो दबतो, आणि कण नक्की कोणत्या वर्षी स्थिर झाले याचा घोळ राहतो. गुहेत थर बसल्यावर कण लवकर जखडला जातो आणि दबण्याचा प्रश्न येत नाही.

रोजनाम्यावर तारीख घालण्याची सोयही स्तंभातच आहे. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे ताज्या थरात युरेनियमचा अंश येतो, थोरियम येत नाही. पुढे युरेनियमचे ठरलेल्या गतीने थोरियम होत जाते आणि थरातील दोहोंचे प्रमाण मोजले की थराचे वय निघते; या रीतीने सुमारे ५ लाख वर्षांपर्यंत मागे जाता येते. येथे एक गमतीची अडचण आहे, जी वाचून मला आमच्या खात्याची आठवण झाली. चुंबकत्वासाठी थरात माती असलेली बरी, कारण कण तीच आणते. पण माती आपल्याबरोबर जुने थोरियमही आणते आणि वय चुकवते. स्वच्छ थराची तारीख चांगली लागते, पण त्यात लिहिलेले फार पुसट असते. मळकट थरातील मजकूर ठळक असतो, पण तारखेवर भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही बऱ्यापैकी जमलेला दगड क्वचित मिळतो. म्हणून एखाद्या गुहेत असा एक जरी स्तंभ असण्याची शक्यता असेल, तरी तो कोणता हे कळण्याआधी सगळ्यांवर हात चालवणे वेडेपणाचे आहे.

असे दगड मिळाले तेथे काय निघाले ते थोडक्यात सांगतो. या वाटेने पहिली पावले १९७० च्या दशकात पडली. कॅनडातील आल्फ लॅथम आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली स्तंभांतील चुंबकत्वावर निबंध प्रसिद्ध केला. पण थरांत दडलेले चुंबकत्व इतके क्षीण असते की, द्रव हेलियमने उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवलेली अतिसंवेदनशील यंत्रे सर्वत्र मिळू लागल्यावरच काम खऱ्या अर्थाने पुढे गेले. फ्रान्समध्ये लाशां नावाच्या गावाजवळच्या लाव्ह्यात १९६० च्या दशकात एक विचित्र गोष्ट आढळली होती: पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मध्येच काही काळ अतिशय दुबळे होऊन उलटल्यासारखे झाले आणि पुन्हा पूर्ववत झाले होते. ही घटना नेमकी कधीची, यावर बराच काळ वाद होता. अमेरिकेतील मिझुरी राज्यातल्या क्रेव्हिस गुहेतील एका स्तंभाने २०१६ साली तिचा मध्य ४१,१०० वर्षांपूर्वीचा ठरवला, आणि चूकभूल धरली ती अवघ्या साडेतीनशे वर्षांची. चीनच्या ग्वेइझोउ प्रांतातील सान्शिंग गुहेचा स्तंभ याहून चकित करणारा आहे. १,०७,००० ते ९१,००० वर्षांपूर्वीच्या काळाची नोंद असलेल्या या स्तंभात, सुमारे ९८,००० वर्षांपूर्वी क्षेत्राची दिशा फक्त १४४ वर्षांत पालटल्याचे दिसले. त्यात ५८ वर्षे इकडे-तिकडे धरायची. अशा बदलांना हजारो वर्षे लागतात असे समजले जात होते. येथे ते चार-पाच पिढ्यांत झाले.

हे जुने कथापुराण आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांना अडवते. गेल्या दोनशे वर्षांत ते सरासरीने सुमारे ९ टक्के दुबळे झाले आहे. दक्षिण अटलांटिक महासागर आणि दक्षिण अमेरिकेवर ते विशेष क्षीण असून तेथून जाताना उपग्रहांची उपकरणे बिघडतात. हबल दुर्बीण त्या पट्ट्यातून जाताना निरीक्षणे थांबवते. ही दुर्बलता आताच उद्भवली की पूर्वीही येऊन गेली, हे कळण्यासाठी ब्राझीलमधील पाउ द’आल्यो गुहेच्या स्तंभांतून सुमारे दीड हजार वर्षांची नोंद वाचण्यात आली, आणि तिच्यात या दुर्बलतेच्या मागील फेऱ्यांच्या खुणा सापडल्या. उपग्रह बनवणाऱ्याला गुहेतल्या दगडाकडे पाहावे लागते ते यामुळे.

यंत्रांनी घेतलेल्या नोंदी स्तंभांतील नोंदींपुढे अगदीच तोकड्या पडतात. आपल्या राज्याला त्यांचा अभिमान मात्र जरूर वाटावा. मुंबईला कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार, आणि त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म नोंदी बिघडणार, हे ओळखून १९०४ साली अलिबागला दुसरी वेधशाळा उभी करण्यात आली. नानाभाई मूस हे तेव्हा तिचे धुरीण होते. इमारतीसाठी चुंबकत्व नसलेले साहित्य वेचून घेतले गेले. एका शहराने ट्राम आणली, आणि त्याच वेळी कोणीतरी आधी जाऊन नोंदींची सोय लावली. क्रम कसा असावा, एवढेच मला त्यावरून म्हणायचे आहे.

‘चुंबकीय शक्ती’ने गुडघा बरा होण्याविषयी अधिक लिहिण्याची इच्छा नाही, पण बातमी आपल्याच पानावर आल्यामुळे थोडे लिहितो. गुहेतील दगडाचे चुंबकत्व किती, हे ज्याला पाहायचे असेल त्याने आपल्या घरचा तुकडा होकायंत्राशेजारी ठेवावा. माझ्या तुकड्याने सुई केसभरही हलली नाही. बाजूला ठेवलेल्या अडकित्त्याने मात्र ती गर्रकन फिरली. तेव्हा चुंबकाने गुडघा बरा होत असता तर अडकित्ता अधिक गुणकारी ठरला असता. वयोवृद्ध माणसांना त्या गुहेत चढून गेल्यावर बरे वाटते हे मी नाकारत नाही, मलाही वाटते. त्यासाठी दगड फोडून आणण्याची गरज नाही. भाविकांची श्रद्धा महादेवावर आहे, आणि ‘चुंबकीय’ हा शब्द तिच्यात अलीकडे कोणीतरी घुसवला आहे. माझ्या आजीच्या तोंडी तो कधी नव्हता. ती तर गुहेतून खडाही आणू देत नसे. “महादेवाच्या घरचं काही उचलू नये” म्हणत असे. सहलीनंतर तिच्यापासून तो दगड मी आठ दिवस लपवून ठेवला होता.

आता सुशोभीकरणाविषयी. संबंधित समितीतील मंडळी माझ्या ओळखीची आहेत आणि महाशिवरात्रीला येणाऱ्या बायाबापड्यांचा पाय घसरू नये, ही त्यांची काळजी खरी आहे. कठड्याला माझा विरोध नाही. लोखंडी कठड्याने दगडातील जुनी नोंद पुसली जात नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. मात्र त्याच्या शेजारी होकायंत्र लावून नमुन्याची दिशा घेता येणार नाही, म्हणून आतल्या भागात तो स्टेनलेस स्टीलच्या चुंबक न चिकटणाऱ्या जातीचा किंवा सरळ लाकडाचा घ्यावा. खरा धोका फरशीचा आहे. फरशी बसवायची म्हणजे जमिनीवरची दगडाची चादर छिन्नीने सपाट करायची, आणि तीच चादर आडव्या, सारख्या थरांमुळे चुंबकीय अभ्यासाला फार उपयोगी पडते. रंगीत दिवे सतत चालू राहिले की ओल्या दगडावर हिरवे शेवाळ धरते. फ्रान्समधील लास्को येथील प्रसिद्ध चित्रगुहा माणसांचे श्वास, दिव्यांचा उजेड आणि शेवाळ यांच्यापायी १९६३ साली लोकांसाठी बंद करावी लागली. तेव्हा दिवे लावावेत, पण माणूस आत असेल तेवढ्यापुरते पेटणारे लावावेत. कापूर आणि उदबत्त्या पिंडीजवळच्या मोकळ्या भागात राहू द्याव्यात. आतल्या अरुंद बोळात नेऊ नयेत, कारण काजळीचा थर पुढच्या चुन्याखाली कायमचा गाडला जातो. डाव्या भिंतीवरच्या एका उंचवट्यात कोणाला गणपती दिसला आणि त्याला शेंदूर लागला आहे. त्याला आता हात लावू नये, पण नवे गणपतीही शोधू नयेत.

माझी मुख्य विनंती कामाच्या क्रमाविषयी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे कार्यालय नागपुरातच आहे, आणि आपल्या विद्यापीठांत भूगर्भशास्त्राचे विभाग आहेत. निविदा निघण्यापूर्वी त्यांपैकी कोणाला तरी बोलावून गुहा दाखवावी. आत पडलेले, पूर्वीच तुटलेले तुकडे पुष्कळ आहेत. वय काढण्यासाठी पहिली चाचपणी त्यांवरच करता येईल, त्यासाठी उभ्या स्तंभाला धक्का लागणार नाही. आपल्या देशात ही अपेक्षा अवास्तव नाही. मेघालयातील मॉमलुह गुहेच्या एका स्तंभावरून पृथ्वीच्या इतिहासातील सर्वांत अलीकडच्या कालखंडाचा, म्हणजे ४,२०० वर्षांपूर्वीपासून आजपर्यंतच्या काळाचा आरंभ ठरवला गेला, आणि २०१८ साली त्या कालखंडाला जगभर ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. गडचिरोलीच्या पलीकडे, बस्तरमधील दंडक गुहेच्या स्तंभातून अभ्यासकांनी मध्ययुगातील मान्सूनचा चढउतार वाचला आहे. चीनमधील हशांग गुहेत तर चुंबकीय कण कोणत्या थरात जास्त आले यावरून साडेआठ हजार वर्षांतील अतिवृष्टीचे काळ ओळखले गेले. ज्या मुलखात एका पावसाच्या खंडाने कापूस आणि सोयाबीन दोन्ही हातचे जातात, तेथे या नोंदीचे मोल वेगळे सांगायला नको.

आपल्या दैनिकाकडूनही एक अपेक्षा आहे. पहिली बातमी ज्या जागी आली त्याच जागी, दगडात औषधी शक्ती नाही आणि तो घरी नेऊ नये, एवढे चार ओळींत छापावे. ज्यांनी याआधी तुकडे नेले आहेत त्यांनी ते गुहेत परत नेऊन टाकू नयेत. कोणत्या कोपऱ्यातून उचलला ते आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून तुकड्यासोबत घरीच ठेवावे आणि अभ्यासक येतील तेव्हा त्यांना द्यावे. मी माझा तुकडा घेऊन भाचीबरोबर गुहेत गेलो होतो. माझ्या लाथेने तुटलेला खुंट अर्ध्या तासात सापडला, कारण ती जागा मी विसरलेलो नव्हतो. तुकडा त्यावर ठेवून फिरवून पाहिला, परंतु तो कोठेच घट्ट बसेना. खुंटाच्या तुटक्या कडा बोटाला लागत नव्हत्या. त्यांवर गुळगुळीत, ओला, नखाएवढ्या जाडीचा नवा थर आला होता, आणि आम्ही उभे होतो तेवढ्यात त्यावर तीन थेंब पडले.

समितीची हरकत नसेल तर काम सुरू होण्यापूर्वी गुहेचा नकाशा मी स्वतः विनामूल्य करून देईन. प्रत्येक स्तंभाला क्रमांक, ताज्या घावांना वेगळी खूण, आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण, असा तो असेल. दोन दिवसांचे काम आहे आणि फलकयंत्र अजून चालू स्थितीत आहे. साखळी लोखंडी असल्यामुळे ती मात्र घरी ठेवीन आणि मोजणीला कापडी फीत आणीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक
तालुका वणी, जिल्हा यवतमाळ
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)